हरणाच्या शिकारीसाठी ठासणीची रायफल घेताना (पेनसिल्व्हेनियाहून)

आपल्याकडे ठासणीची, म्हणजे नळीच्या तोंडातून दारू-गोळी ठासून भरायची, बंदूक म्हटली की कोकणातली शेतीसंरक्षणाच्या परवान्यावरची, निवडणूक आली की पोलीस ठाण्यात जमा करावी लागणारी बंदूक आठवते. इथे पेनसिल्व्हेनियात तिच्यासाठी हरणाच्या शिकारीचा वेगळा सीझनच आहे, ख्रिसमसच्या दुसऱ्या दिवसापासून जानेवारीपर्यंत, १९७४ पासून चालू आहे आणि त्यात फक्त फ्लिंटलॉक चालते, म्हणजे गारगोटीच्या ठिणगीने पेटणारीच. कॅलिबर, म्हणजे नळीच्या भोकाचा व्यास, किमान ०.४४ इंच. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली शिकार बंद आहे त्यामुळे तुम्हाला हे विचित्र वाटेल, पण इथे व्हाइटटेल हरणं भरपूर आहेत, आधी कोर्स मग लायसन्स, आणि मांस घरी खाल्लं जातं.

नवीन माणूस दुकानात शिरला की पहिल्यांदा दस्त्याचं लाकूड आणि पितळी नक्षी बघतो. साहजिक आहे, अठराव्या शतकात लँकेस्टरच्या जर्मन कारागिरांनी घडवलेली ती लांब रायफल दिसतेच देखणी. पण माझं ठाम मत, आधी लॉक, म्हणजे ठिणगी पाडणारी यंत्रणा, बघा. घोड्यात धरलेली गारगोटी फ्रिझन नावाच्या पोलादी पट्टीवर घासते, ठिणग्या खालच्या पॅनमधल्या (छोट्या वाटीतल्या) रंजकेवर, म्हणजे पेटवणीच्या दारूवर, पडतात आणि छोट्या भोकातून आग आतल्या दारूपर्यंत जाते, हे सगळं झटक्यात व्हायला हवं. फ्रिझन नीट कडक केलेली नसेल तर ठिणग्या मरतुकड्या पडतात, बार उशिरा उडतो आणि तेवढ्यात नेम हललेला असतो. मग हरीण जखमी होऊन रानात पळतं, आणि हे मला अजिबात मान्य नाही. म्हणून विकत घेण्याआधी बंदूक रिकामी असल्याची खात्री करून, दुकानदाराला विचारून, अंधाऱ्या कोपऱ्यात घोडा पाडून ठिणग्या बघा, पांढऱ्या आणि भरपूर हव्यात.

दुसरं म्हणजे नळीतले आटे, गोळीला फिरकी देणाऱ्या आतल्या वळणदार खाचा. कापडाच्या पॅचमध्ये गुंडाळलेली शिशाची गोल गोळी वापरायची असेल तर सावकाश आटे हवेत, ६० ते ७० इंचात एक फेरी. लांबट गोळीला साधारण २८ इंचात एक लागते. थॉम्प्सन सेंटर कंपनीच्या जुन्या हॉकन रायफलला ४८ इंचाचे असतात, मधलेच, बऱ्यापैकी दोन्ही चालवून घेतात, आणि सेकंडहँड बाजारात ती अजून मिळते. मी गोल गोळीचाच माणूस. ०.५० ची गोळी साधारण १८० ग्रेनची (ग्रेन म्हणजे गोळीच्या वजनाचं छोटं माप), ०.५४ ची २३० च्या आसपास, हरणाला ०.५० पुरते पण वजन आणि धक्का सोसत असेल तर ०.५४ घ्या, गोल गोळीचा वेग लवकर पडतो त्यामुळे जास्तीचं वजन कामाला येतं. कुठलीही घेतली तरी मी ७०-७५ यार्डांपलीकडे बार टाकत नाही.

दारू खरी काळीच हवी, नळीत टूएफ नाहीतर थ्रीएफ आणि पॅनमध्ये बारीक फोरएफ (एफ जितके जास्त तितका दाणा बारीक). पायरोडेक्ससारख्या पर्यायी दारूला पेटायला जास्त उष्णता लागते, फ्लिंटलॉकमध्ये ती त्रास देते.

लांबीचंही बघा बरं का. ४२ इंची नळी दिसायला भारी, पुढे वजन असल्याने नेमही स्थिर राहतो, पण झाडीत अडकते, आणि उंची कमी असेल तर उभ्याने गज (गोळी ठासायची काठी) घालताना हात पुरत नाही. जाड जॅकेट घालूनच खांद्याला लावून बघा, कारण सीझन बर्फातला आहे.

जुनी घेत असाल तर नळीत छोटा लाइट सोडून तळाशी, दारू बसते तिथे, गंज आहे का ते बघा. काळ्या दारूची राख ओल धरते आणि त्याच संध्याकाळी गरम पाण्याने धुतली नाही तर लोखंड खाते, तिथे खड्डे दिसले तर कितीही स्वस्त देत असला तरी ती बंदूक घेऊ नका.