कुडलच्या संगमावर, पायी

श्रावणी सोमवारचं दर्शन पायी घ्यायचं तर सोलापुरातून आदल्या दिवशी दुपारीच निघावं लागतं. हत्तरसंग कुडल सुमारे 40 किलोमीटर. पंढरीच्या वारीचा थाट इथं नाही. ना रथ, ना दिंड्यांचे नंबर. विजापूर रस्त्याच्या कडेनं आमची ओळ, शेजारून मालट्रक. मधूनच कुणी "एकदा भक्तलिंग" म्हणालं की मागून "हर्र, बोला हर्र!" येतं. मंद्रूपला मुक्काम. कडक भाकरी, शेंगाची चटणी, दही. पोटऱ्यांबद्दल न बोललेलं बरं.

पहाटे कुडलच्या वाटेला लागलो. ऊस, काळी माती, चपलांना किलोकिलोनं चिखल. एका ओसरीवरून आजीनं "बर्री, कूडरी" (या, बसा) म्हणत पाण्याचा तांब्या पुढं केला. आमच्यातल्या आक्का तिच्याशी कन्नडातच गप्पा मारत बसल्या, उठायला तयार होईनात.

सीना इथं भीमेला मिळते. काठावर चालुक्य काळातली दोन देवळं, संगमेश्वर आणि हरिहरेश्वर. हरिहरेश्वर मातीखाली गाडलं गेलं होतं. 1999 मध्ये उत्खननात तिथलं बहुमुखी शिवलिंग निघालं. 359 मुखं, लिंग स्वतः धरून 360. अख्ख्या लिंगावर ओळीनं बारीक चेहरे. गाडीनं आलेली मंडळी इथं फोटो काढतात आणि बहुतेक तशीच वळतात. मला हे खटकतं.

पायी आलेल्याला आधी टेकायला जागा लागते. संगमेश्वराच्या मंडपात खांबाला पाठ लावली की नजर आपसूक वर तुळईकडे जाते, आणि तिथंच आहे तो शिलालेख. शके 940, म्हणजे इ. स. 1018. ज्ञानेश्वरीच्याही पावणेतीनशे वर्षं आधीचा! मराठीच्या अगदी सुरुवातीच्या लेखांत तो गणला जातो. सोलापूरच्या आनंद कुंभारांनी तो उजेडात आणला. शेवटी लिहिलंय, 'वाछि तो विजेया होईवा'. वाचेल तो विजयी होईल.

आमच्यातल्या पोरानं मोबाईलचा टॉर्च समोरून मारला, काहीच दिसेना. बाजूनं तिरका धरला तशा अक्षरांच्या कडा उठल्या. 'वा' लागला, पुढं अडला, पुन्हा पहिल्यापासून. खाली आम्ही चारपाच जण माना वर करून.

"विजयी झाला असशील तर चल की आता," आक्का म्हणाल्या, "आरतीला पुजारी थांबलाय."