शालूचा रंग सगळ्या स्क्रीनवर एकच : आमची वाटचाल

लातूरात गंज गोलाईजवळ आमचं लग्नाचे अल्बम आणि पत्रिका डिझाइन करायचं काम चालतं. सुरुवात एका पीसीवर झाली, जाड काचेचा जुना मॉनिटर होता, आणि तेव्हा रंगाचा प्रश्नच नव्हता कारण जुळवायला दुसरी स्क्रीनच नव्हती. मग औसा, निलंगा, उदगीर, अहमदपूरचे फोटोग्राफर पेनड्राइव्ह घेऊन यायला लागले, पोरं कामाला ठेवली, जशी ऐपत तशा स्क्रीन घेत गेलो, काही नव्या काही सेकंडहँड, एखादी टीएन पॅनलची, म्हणजे बाजूनं बघितलं की रंग बदलणारी, बाकी आयपीएस, त्यात तो तितका बदलत नाही. आणि मग व्हायचं असं की एकाच नवरीचा एकच शालू एका टेबलावर डाळिंबी, दुसऱ्यावर विटकरी आणि गिऱ्हाईकाला दाखवायच्या मोठ्या स्क्रीनवर पार केशरीकडं गेलेला. नवरीची आई मागं उभी राहून बघायची आणि म्हणायची, "दादा, आमचा शालू असा नव्हता हो." त्या माऊलीनं तो शालू दहा दुकानं फिरून घेतलेला असतो, तिला रंग कळतोच, तिथं आपण काय वाद घालणार.

बऱ्याच ठिकाणी यावर एकच उपाय चालतो, दोन स्क्रीन शेजारी ठेवायच्या आणि मॉनिटरची बटनं दाबत बसायचं. पण बटनांनी पांढरा जुळला की लाल हलतो, लाल जुळवला की चेहरे हिरवट होतात, आणि डोळा तर दहा मिनिटांत समोरच्या रंगाला सरावतो, मग काहीही बरोबरच दिसायला लागतं.

२०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी येत होतं, काम कमी होतं, तेव्हा मी या विषयाचा नीट अभ्यास केला आणि तिथून आमच्या कामाला खरी दिशा मिळाली असं मी मानतो. प्रत्येक स्क्रीनची स्वतःची सवय असते, एकाच कंपनीच्या एकाच मॉडेलच्या दोन स्क्रीनसुद्धा तंतोतंत सारख्या नसतात, आणि बॅकलाइट जुना होईल तसा रंग सरकत जातो. ती सवय मोजून एका फाइलीत लिहायची, तिलाच प्रोफाइल म्हणतात. अॅडोबी, अॅपल, मायक्रोसॉफ्ट, कोडॅक, आग्फा असल्या कंपन्यांनी १९९३ मध्ये आयसीसी नावाची संस्था काढून या फाइलीचा एक ठराविक नमुना ठरवला म्हणून ती कुठल्याही सिस्टमवर चालते. नेटवर आपल्या मॉडेलचा तयार प्रोफाइल मिळतो, पण तो दुसऱ्या कुणाच्या तरी मॉनिटरवर मोजलेला असतो, तो आपण वापरत नाही.

मग स्क्रीनचा रंग मोजणारं मीटर घेतलं. सोबत मोजणीचं सॉफ्टवेअर डिस्प्लेकॅल आणि त्याच्या पोटात चालणारं आर्गिल, दोन्ही फुकट. मॉनिटर अर्धा तास चालू ठेवायचा, डायनॅमिक कॉन्ट्रास्ट बंद, नाइट लाइट बंद, मीटर काचेला टेकवून लोंबकळत सोडायचं आणि खोलीतला उजेड त्याच्यावर पडू द्यायचा नाही. पांढऱ्याचं टार्गेट डी६५, म्हणजे साधारण ६५०० केल्विन, गॅमा, म्हणजे काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत उजेड कसा चढत जातो ते, २.२. ब्राइटनेसचं मात्र डोकं लावावं लागतं. स्क्रीनचा उजेड कँडेलात मोजतात, आमची सगळ्यात जुनी स्क्रीन १२० कँडेलाला पोचतच नाही, म्हणून सगळ्याच १०० वर आणल्या, सगळ्यात कमजोर गडी जेवढं चालेल तेवढंच बाकीच्यांनी चालायचं. पोरं पहिले म्हणायची स्क्रीन अंधुक दिसायलीय, आठवड्यात सरावली, आणि लॅबमधून अल्बम काळपट आला ही तक्रार जवळपास संपली, कारण झगझगीत स्क्रीनवर काम करणारा माणूस नकळत फोटो काळा करत असतो.

आता अनेक स्क्रीन असल्या की खरी मेख कुठं असते ते सांगतो, कारण प्रोफाइल बनवणारे भेटतात पण लावणारे कमी. मोजून दोन गोष्टी निघतात. एक म्हणजे ग्राफिक्स कार्डात भरायची दुरुस्तीची वक्ररेषा, ती लॉगिन झालं की आपोआप चढली पाहिजे, चढली नाही तर प्रोफाइल सांगतोय एक आणि स्क्रीन दाखवतीय भलतंच. दुसरं म्हणजे स्क्रीनचं वर्णन, ते फोटोशॉपसारखं सॉफ्टवेअर वाचतं. विंडोजच्या कलर मॅनेजमेंटमध्ये वर डिव्हाइसची यादी असते, तिथं आधी आयडेंटिफाय मॉनिटर्स दाबून कुठली स्क्रीन एक नंबर, कुठली दोन हे डोळ्यांनी बघायचं, मग 'युज माय सेटिंग्ज फॉर धिस डिव्हाइस' वर टिक करून त्याच स्क्रीनचा प्रोफाइल डीफॉल्ट करायचा. केबल एका पोर्टातून काढून दुसऱ्यात घातली की सिस्टमला तो वेगळाच मॉनिटर वाटू शकतो आणि प्रोफाइल गायब, म्हणून आमच्याकडं प्रत्येक मॉनिटरच्या मागं नंबरचा स्टिकर आहे, तोच नंबर केबलला, तोच प्रोफाइलच्या नावात महिन्यासकट. झाडलोट करताना केबल निघाली तरी कुठलंही पोरगं ती जागेवर लावतं. आणि स्प्लिटरनं एकच सिग्नल दोन स्क्रीनला दिला तर दोघींना मिळून दुरुस्ती एकच मिळते, म्हणून गिऱ्हाईकाची मोठी स्क्रीन आम्ही डुप्लिकेटवर नाही, एक्स्टेंडवर चालवतो. ती एचडीएमआयवर होती आणि काळा राखाडी दिसायचा, तर कार्डात आउटपुट लिमिटेड होतं, म्हणजे काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतच्या पायऱ्या ० ते २५५ ऐवजी १६ ते २३५, ते फुल केलं. हे आधी बघून मगच मीटर लावायचं.

एवढं करूनही दोन वेगळ्या जातीच्या बॅकलाइटच्या स्क्रीन शेजारी ठेवल्या तर मीटर सारखं म्हणतं आणि डोळ्याला पांढरा किंचित वेगळा दिसतो. ते खरंच तसं असतं, प्रत्येकाचा डोळाही थोडा वेगळा. तिथं एका स्क्रीनचा पांढरा दुसरीशी डोळ्यानं जुळवायचा, तोच टार्गेट धरायचा आणि मग मोजायचं.

पुढं पैठणीवाल्यांच्या कॅटलॉगचं काम आलं आणि ते मला मनापासून आवडतं. ताणा एका रंगाचा, बाणा दुसऱ्या, त्यामुळं कापड हललं की रंग बदलतो. गडद मोरपंखी तर साध्या एसआरजीबी स्क्रीनच्या, म्हणजे नेहमीचाच ठरलेला रंगांचा पट्टा दाखवणाऱ्या स्क्रीनच्या आवाक्याबाहेर जातो, त्याच्यासाठी अॅडोबी आरजीबी हा त्याहून मोठा पट्टा दाखवणारी एक वाइड गॅमट स्क्रीन घेतली. पण तिच्यावर रंगाचं काही न समजणारं सॉफ्टवेअर उघडलं की सगळं भडक दिसतं, म्हणून ती फक्त फोटोशॉपसाठी, आणि व्हॉट्सअॅपवर जाणारे फोटो एसआरजीबीत बदलूनच जातात. राणी रंग छपाईच्या चार शाईत पूर्ण उतरत नाही, ते गिऱ्हाईकाला आधीच सॉफ्टप्रूफ लावून, म्हणजे छापून कसं दिसेल ते स्क्रीनवरच, दाखवतो, छापून आल्यावर तोंड पाडून बसण्यापेक्षा ते बरं.

आता दर महिन्याच्या सुरुवातीला सगळ्या स्क्रीनवर मीटर फिरतं, उन्हाळ्यात लाइटीचा खेळ चालतो म्हणून सगळं यूपीएसवर आहे. आजूबाजूच्या गावचे फोटोग्राफर विचारायलेत की आमच्या लॅपटॉपचं पण करून द्या. देतो की, नेहमी आमच्याकडं काम देणाऱ्यांना पैसे नाहीत. फक्त चार्जर सोबत आणा, बॅटरीवर ब्राइटनेस खाली येतो, आणि दुसरा मॉनिटर लावत असाल तर तो पण केबलसकट आणा.