गुरुजींच्या बाहीतला फ्यूज

गोव्यातल्या कुंडईच्या औद्योगिक वसाहतीतल्या आमच्या छोट्या कार्यशाळेत अर्धांगवायू झालेल्या माणसांसाठी एक बाही तयार होते. झटक्यानंतर बोटं आत वळतात, मूठ घट्ट मिटते. ती उघडायला बाही मदत करते. तिच्यात मोटर नाही. मासे पकडायच्या तंगुसाला पीळ देत देत त्याची वेटोळी केली की तोच स्नायू होतो. नायलॉन तापलं की जाडीला फुगतं, लांबीला किंचित आखडतं. फुगताना पीळ उलगडू पाहतो आणि ती ओढ वेटोळी जवळ आणते. डॅलसच्या टेक्सास विद्यापीठातल्या रे बॉगमन यांच्या गटाने २०१४ मध्ये हे स्नायू जगापुढे मांडले. तापवायला आम्ही वर नायक्रोमची बारीक तार गुंडाळतो.

म्हणजे ही बाही उष्णतेवरच चालते, आणि खाली माणसाची कातडी असते. नायलॉन प्रकारानुसार २२० ते २६० अंशांच्या आसपास वितळतं, पण तो आकडा आमच्या कामाचा नाही. वैद्यकीय उपकरणांच्या मानकात दहा मिनिटं किंवा जास्त वेळ कातडीला टेकणाऱ्या भागाची मर्यादा ४३ अंश आहे. त्यात झटक्यानंतर हाताची संवेदना बऱ्याचदा कमी झालेली असते. चटका बसला तरी माणूस हात मागे घेईलच असं नाही. मला या कामात सगळ्यात जास्त धास्ती याचीच वाटते.

त्या दिवशी सत्तरी तालुक्यातून एक निवृत्त गुरुजी बाही घालून पाहायला येणार होते. डाव्या हाताला त्यांना स्पर्श जेमतेम कळतो. श्रावणातल्या भजनी सप्ताहात टाळ धरायचा, एवढीच त्यांची इच्छा.

सकाळपासून पाऊस कोसळत होता. पावसाळ्यात नायलॉन हवेतली ओल पितं, पहिल्या काही फेऱ्या स्नायू मंद चालतो, बोट पुरेसं उघडत नाही म्हणून नियंत्रक जास्त करंट मागतो. हे ठाऊक असल्यामुळे गुरुजी यायच्या आधी आम्ही बाही प्लास्टरच्या हातावर चढवून फेऱ्या सुरू केल्या. काही वेळ सगळं सुरळीत होतं. मग माझ्या सहकाऱ्याचा आवाज चढला, "ताई, मी बंद केलंय, पण थर्मिस्टर चढतोच आहे!"

पडद्यावर हीटर शून्य, थर्मिस्टर या सेन्सरने मोजलेलं तापमान मात्र वर वर. पुरवठ्याचा प्लग काढायला तो टेबलाला वळसा घालून धावला. तो पोचण्याआधीच आकडा थांबला आणि उतरू लागला. बाहीच्या पट्ट्याखालचा थर्मल फ्यूज, म्हणजे जास्त तापलं की पुरवठा तोडणारा फ्यूज, उडाला होता.

मल्टिमीटर लावला तेव्हा उलगडा झाला. करंट चालू-बंद करणारा मॉसफेट शॉर्ट झाला होता. प्रोब कसेही लावले तरी मीटर पींऽऽ करत होता. मॉसफेट निकामी होतो तेव्हा बहुतेक वेळा असाच, बंद न होता कायमचा चालू राहून. कोड प्रामाणिकपणे "बंद" म्हणत होता, पण त्याचं ऐकणारा स्विचच उरला नव्हता. थर्मिस्टरही स्नायूच्या टोकाशी, जिथे वारा लागतो. खरा ताप पट्ट्याखाली, जिथे हवा पोचत नाही. फ्यूज तिथेच बसवायचा यावर आमच्यात बरीच वादावादी झाली होती. एकदा उडाला की नवा लावावा लागतो, सोल्डरचा डाग दिला तर डागाच्या उष्णतेनेच उडतो, म्हणून क्रिम्प करावा, म्हणजे दाबून जोडावा लागतो. किचकट काम आहे खरं. त्या सकाळी तो वाद मिटला.

गुरुजी आले. मी सगळं दाखवलं आणि म्हटलं, "आज नाही घालायची, गुरुजी."

त्यांनी उडालेला फ्यूज उजव्या हातात घेऊन नीट पाहिला. "हा गेला की मला कसं कळणार?"

"बाही तापणारच नाही. मूठ उघडणार नाही."

"मग हरकत नाही. मिटलेली मूठ घेऊन वर्ष काढलंच आहे मी."

त्यानंतरच्या बोर्डावर एकामागे एक दोन मॉसफेट आले. बाही चालू होताना प्रत्येक स्विच एकेकटा बंद करून करंट खरंच थांबतो का ते मोजलं जातं. थांबला नाही तर बाही पुढे जातच नाही. पट्ट्याखाली दुसरा थर्मिस्टर आला, त्याच्या तापमानाची मर्यादेशी तुलना करणारा सर्किट वेगळा, कोड चालवणाऱ्या मायक्रोकंट्रोलरला न विचारता पुरवठा तोडणारा. गुरुजींच्या हातावर बाही चढली ती हे सगळं झाल्यावर. फ्यूज मात्र आहे तिथेच ठेवला. त्याला ना कोड लागतो ना बोर्ड; ठरलेल्या तापमानाला आतली गोळी वितळते आणि स्प्रिंग संपर्क तोडते.