तुम्ही विचारलंत म्हणून: आमच्या रानात सोनं आहे का?

"मॅडम, एवढं बघा बरं. सोनंच हाय ना हे?"

देगलूरकडच्या एका आजोबांनी चंचीतून चिमूटभर वाळू काढून माझ्या टेबलावर ठेवली. मी भूगर्भशास्त्र शिकवते हे कळलं की लग्नात, एसटीत, बँकेच्या रांगेत हा प्रश्न ठरलेला. (गुप्तधनाचं विचारणारे वेगळे. त्यांना मी चहासुद्धा देत नाही.)

आजोबांच्या वाळूत अभ्रक होतं. देगलूर-बिलोलीकडे काळा खडक संपतो आणि ग्रॅनाइट उघडा पडतो. त्यातलं काळं अभ्रक ऊनपावसानं कुजलं की सोनेरी दिसायला लागतं. मी नखानं त्याचा पापुद्रा सोलून दाखवला. सोन्याचा असा पापुद्रा निघत नाही, ते ठोकलं की पसरतं. "म्हंजे आमचं सारं पापुद्र्यावरच भागलं म्हना," आजोबा हसले.

उरलेल्या मराठवाड्यात जवळजवळ सगळा बेसाल्ट, म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थरावर थर साचलेला लाव्हा. लाव्हाच्या खडकात सोनं नसतं, असं उत्तर मी बरीच वर्षं ठोकून देत असे. ते अर्धवट होतं, हे मला हट्टीच्या सोन्याच्या खाणीनं शिकवलं.

हट्टी रायचूर जिल्ह्यात आहे. १९५६च्या प्रांतरचनेआधी रायचूर आणि मराठवाडा एकाच हैदराबाद संस्थानात होते, म्हणजे निजामाची सोन्याची खाण एका अर्थी आपल्याच राज्यातली. तिथला सोनं धरून असलेला खडकही मुळात लाव्हाच! फक्त तो अडीच अब्ज वर्षांहून जुना. पुढे तो दाबला गेला, मुडपला, पिळवटून निघाला. त्याच्या भेगांतून खोलवरचं तप्त पाणी वर आलं आणि येताना गारेच्या (गारगोटीच्या) शिरांमध्ये सोनं सोडत गेलं. आपला लाव्हा तसा तरुण आणि सुखवस्तू. पडला तसा आडवा, कुणी पिळलाच नाही. तेव्हा अडचण खडकाच्या जातीची नाही, त्याच्या आयुष्याची आहे.

हट्टीचं सोनं नव्यानं कुणी शोधलं, असंही म्हणता येत नाही. इंग्रजी अमदानीतले शोधक तिथे पोचले तेव्हा जुन्या खाणींची भगदाडं आणि खनिज कुटून कुटून कातळात पडलेले वाटोळे खळगे समोर होते. त्यांनी माग काढला तो त्या खुणांचा. जुनी कामं ६०० फुटांच्या आसपास खोल गेलेली निघाली, आणि आतल्या लाकडाचं वय सुमारे २००० वर्षं भरलं. पंप नाही, सुरुंग नाही. खडक जाळानं तापवायचा, पाणी मारून तडकवायचा. एवढ्या खोलीवर आत धूर कोंडत असेल तेव्हा ती माणसं श्वास कसा घेत असतील, हा विचार माझ्या मनातून जात नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तिथे एका कंपनीनं खाण चालवली, मग ती बंद पडली, आणि १९४७ साली हैदराबाद गोल्ड माइन्स स्थापन झाली. तीच आजची हट्टी गोल्ड माइन्स.

या शोधाशोधीतली माझी आवडती गोष्ट रायचूर जिल्ह्यातल्याच मस्की गावची. १९१५ साली सी. बीडन नावाचा खाण अभियंता त्या भागात सोनं हुडकत होता. त्याला सापडला शिलालेख. 'देवानांपिय' म्हणवणारा राजा म्हणजे अशोकच, हे नावानिशी सांगणारा तो पहिला लेख.

मग आपल्या लाव्हाच्या खाली काय आहे? किल्लारीच्या १९९३च्या भूकंपानंतर तिथे ६१७ मीटर खोल बोअर घेतलं. ३३८ मीटर नुसता बेसाल्ट, मग गाळाचा पातळ थर, मग तो अतिजुना पाया. चांगल्या खाणीतही टनाला चार-पाच ग्रॅम सोनं. तेवढ्यासाठी ३३८ मीटर काळा कातळ कोण फोडणार?

चांदीचं थोडक्यात. सोन्यात थोडी चांदी मिसळलेली असतेच, पण देशातली बहुतेक चांदी राजस्थानात शिसं-जस्ताच्या खाणीतून निघते. आपल्याकडे ती पैठणीच्या जरीत दिसते, तेवढीच.

एक मात्र खरं, की मराठवाड्यानं सोनंचांदी खणली नाही, तरी मिळवली होती. पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' या ग्रीक व्यापारी वर्णनात पैठणहून गाड्या भरून अकीक दगड भडोचला जात असल्याचं लिहिलं आहे. वाट वीस दिवसांची. त्याच भडोच बंदरात जहाजांतून सोन्याचांदीची नाणी उतरत. अकीक म्हणजे लाव्हातल्या वाफेच्या पोकळ्यांत साचलेली गार. नांगराच्या फाळाला अजूनही लागते. आजोबांच्या रानात नाही, पण माझ्या माहेरी बांधावर तिचा ढीग पडलाय.