टायमिंग कव्हरची गळती

ट्रॅक्टरच्या इंजिनाखाली रोज सकाळी तेलाचा डाग दिसू लागला, तेव्हा मी आधी संपच्या (इंजिनाच्या तळाशी असलेल्या तेलाच्या भांड्याच्या) पॅकिंगवरच संशय घेतला. परंतु इंजिन धुऊन, कोरडे करून दहा मिनिटे चालवल्यावर तेल क्रँक पुलीच्या (इंजिनाच्या पुढच्या टोकाशी पट्टा फिरवणाऱ्या चाकाच्या) मागून, म्हणजे टायमिंग गिअर झाकणाऱ्या टायमिंग कव्हरमधील ऑइल सीलमधून (तेल अडवणाऱ्या रबरी कड्यातून) पाझरते आहे, हे स्पष्ट झाले. (पंख्याचा वारा तेल मागे ढकलतो, म्हणून डाग भलतीकडे दिसतो.) रेडिएटर व पट्टा काढून पुलरने पुली ओढली, तर सीलचे रबर कडक झालेले होतेच, शिवाय सीलच्या ओठाने पुलीच्या मानेवर नखाला लागेल इतकी खाच पाडली होती. त्याच खाचेवर नवे सील टेकवणे म्हणजे पैसे वाया घालवणे. म्हणून ते दोन मिलिमीटर अलीकडे, गुळगुळीत भागावर टेकेल असे, स्प्रिंगची बाजू आत ठेवून आणि ओठाला ऑइल लावून बसवले. कव्हर न काढल्याने टायमिंग गिअरच्या जुळणीच्या खुणांना हात लावावा लागला नाही. ब्रीदरची, म्हणजे इंजिनाच्या आतला वायू बाहेर सोडणारी, नळी मात्र काजळीने चोंदलेली निघाली. क्रँककेसमधील (इंजिनाच्या खालच्या पोकळीतील) दाबाला वाट नसेल, तर नवे सीलही तेल सोडते. ती नळी साफ केली आणि अर्धा तास इंजिन चालवले. कव्हर कोरडे राहिले.