मोरपंखी नापास: बरणीच्या ग्लेझचा पुढचा हप्ता

शेजारच्या अक्कांच्या लोणच्याच्या बरणीसाठी मी करून पाहत असलेली मोरपंखी ग्लेझ (मातीच्या भांड्यावरचा काचेचा थर) आम्लाला टिकली नाही. कोन ६ ला (भट्टीतल्या उष्णतेचं माप, ठरावीक उष्णतेला वाकणाऱ्या छोट्या सुळक्यावरून) इतकी देखणी उतरलेली ग्लेझ, आणि रात्रभर व्हिनेगरमध्ये अर्धी बुडवलेली टाइल सकाळी पुसून खिडकीशी तिरकी धरली, तर दोन वेगळ्या टाइल जोडल्यात असं वाटावं. वरचा भाग तसाच गडद निळा-हिरवा, मऊ साटिन. खालचा फिकट, राखाडीकडे झुकलेला, नख फिरवलं तर किंचित खरखरीत. मध्ये सरळ रेघ. ग्लासामागे पांढरा कागद धरला तर व्हिनेगरलाही निळसर झाक आलेली.

ज्यांनी रेसिपी मागितली होती त्यांच्यासाठी आधी हेच: मोरपंखी कपाच्या, वाटीच्या आतून लावू नका. शोभेच्या कुंडीला खुशाल लावा.

रेसिपी तीच: पोटॅश फेल्डस्पार ५०, व्हायटिंग (खडूची पूड) १८, झिंक ऑक्साइड १२, चायना क्ले १०, क्वार्ट्झ १०, वरून कॉपर कार्बोनेट ४. ग्लेझी या ग्लेझच्या रेसिपींच्या संकेतस्थळावर घालून पाहिली. (फुकट आहे, आणि त्यात युनिटी फॉर्म्युला आपोआप निघतो. हातानं गणित करणाऱ्यांबद्दल मला आदर आहे, पण वेळ वाचतो.) फ्लक्सची, म्हणजे ग्लेझ वितळवणाऱ्या ऑक्साइडांची, रेणूंच्या हिशेबानं बेरीज १ धरली तर अॅल्युमिना ०.३१ आणि सिलिका फक्त १.८८. कोन ६ ला टिकाऊ ग्लेझसाठी सिलिका अडीचच्या वर असावी, असा ठोकताळा आहे. म्हणजे काचेचा सांगाडाच अपुरा. सिलिका आणि अॅल्युमिना मिळून जाळं विणतात. पोटॅश, चुना, जस्त, तांबं त्याच्या फटींत बसतात. जाळं विरळ असलं की आम्लातला हायड्रोजन आत शिरतो आणि या धातूंना बाहेर काढून त्यांच्या जागी बसतो. त्यात कॉपर कार्बोनेट ४ टक्के, म्हणजे तांबं काचेला सामावून घेणं जड जाईल इतकं.

घरात हे कुणाला समजावून सांगावं लागलं नाही. बिनकल्हईच्या पितळी पातेल्यात ताक ठेवलं तर ते कळकतं. इथे पातेलं काचेचं आहे, पण तांबं तेच आणि आंबटही तेच.

आता रिपोर्टबद्दल, कारण यात बरेच जण फसतात. याच ग्लेझचा एक मग मी आधी तपासायला दिला होता आणि शेरा आला, ‘लेड, कॅडमियम आढळले नाही’. खोटं काहीच नाही. रेसिपीत शिसं नाही, मग येणार कुठून? ती प्रमाणित चाचणी ४ टक्के अॅसिटिक अॅसिड, २४ तास, साधारण २२ अंश अशी असते आणि बघितलं जातं शिसं आणि कॅडमियम. अमेरिकेत मगसाठी शिशाची मर्यादा लिटरला ०.५ मिलिग्रॅम आहे. तांबं त्या यादीतच नाही. तेव्हा डब्यावर ‘लेड-फ्री’ लिहिलेलं असणं आणि त्यात चिंचेची आमटी वाढता येणं, या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. एका सप्लायरच्या तयार ग्लेझच्या डब्यावर ‘फूड सेफ’ छापलंय आणि कोन किती हे कुठेच नाही. कमी तापलेली ग्लेझ कसली सेफ! मला अशा छपाईचा मनापासून राग येतो, कारण नवीन माणूस त्यावर विश्वास ठेवून पोरांच्या दुधाचे कप करतो.

तांब्यासाठी मापदंड म्हणून मी पिण्याच्या पाण्याचं मानक धरते: आयएस १०५०० मध्ये लिटरला ०.०५ मिलिग्रॅम, दुसरा स्रोत नसेल तर १.५ पर्यंत. भांड्यासाठी हा नियम नाही, पण कुठेतरी रेघ मारावीच लागते.

घरच्या चाचणीला किराणा दुकानातलं सिंथेटिक व्हिनेगर चालतं. माझ्या बाटलीवर ४ टक्केच लिहिलंय. फरक तापमानाचा. सोलापुरात मे महिन्यात खोलीचा पारा २२ ला कधी येणार? माझ्या माळ्यावर दुपारी चाळिशीच्या आसपास असतो, आणि उष्णतेनं झिरपणं वाढतं. त्यामुळे आपली चाचणी कडक होते. मला ते चालतं, कारण लोणच्याची बरणीही याच उन्हाळ्यात फडताळात बसणार आहे, आणि २४ तास नाही, वर्षभर.

डोळ्यांना दिसतं तेवढ्यावर न थांबता यावेळी आणखी एक केलं. टाइलचं व्हिनेगर काचेच्या बीकरमध्ये आटवून दहावा हिस्सा केलं, गार झाल्यावर गॅलरीत उभं राहून त्यात लिकर अमोनिया (अमोनियाचं पाण्यातलं तीव्र द्रावण) थेंबाथेंबानं घातला. तांबं असेल तर गडद निळा रंग येतो. मोरपंखीचं पाणी शाईइतकं निळं झालं. (उघड्यावरच करा, अमोनियाचा वास डोक्यात जातो. स्वयंपाकाची भांडी यात आणू नका.)

मग दोन बदल करून भाजलं. पहिल्यात मूळ रेसिपीवर क्वार्ट्झ २० ने वाढवला: सिलिका २.६७ वर, पण सिलिका-अॅल्युमिना गुणोत्तर साडेआठच्या पुढे गेलं आणि साटिन जाऊन चकचकीत काच आली. दुसऱ्यात क्वार्ट्झ १५ आणि चायना क्ले ८ वाढवली: सिलिका २.६२, अॅल्युमिना ०.३८, गुणोत्तर सातच्या आत, साटिन शाबूत. पण पिनहोल! सुईनं टोचल्यासारखे, टाइलभर. संध्याकाळी व्होल्टेज पडतं हे त्यामागे असेल असं आधी वाटलं. व्होल्टेज १० टक्के पडलं की एलिमेंटची ताकद जवळजवळ १९ टक्के उतरते. पण कोन ६ चं टोक नीट टेकलेलं होतं, पायरोमीटरपेक्षा (भट्टीच्या तापमापकापेक्षा) माझा भरवसा कोनावरच आहे. म्हणजे ग्लेझच घट्ट आहे, बुडबुडे वर येतात आणि भोक बुजायच्या आत थिजते. पुढच्या वेळी शेवटच्या तापमानावरून थोडं खाली आणून अर्धा तास रोखून बघते.

व्हिनेगरमध्ये दुसरीची रेघ अगदी पुसट, तिरकं धरल्यावरच दिसणारी. अमोनियात फिकट निळं. पहिलीवर रेघच नाही. भिंगानं पाहिलं, नाही. पण तिचं आटवलेलं पाणीसुद्धा अमोनियानं किंचित निळसर झालं! टाइल जशीच्या तशी आणि तरी तांबं बाहेर. म्हणून सांगते, घरची चाचणी ग्लेझला नापास करू शकते, पास करू शकत नाही.

एक आनंद मात्र झाला. मूळ मोरपंखीवर मार्करची शाई चोळली की बारीक क्रेझिंग (ग्लेझमधल्या केसासारख्या भेगा) दिसायचं. क्वार्ट्झ वाढवल्यावर ते दोन्हींत गेलं. फ्रीझरमधून काढून थेट उकळत्या पाण्यात टाकल्या, तरी टिणटिण आवाज नाही, भेग नाही. सिलिकेनं ग्लेझचं प्रसरण उतरतं, हे इतक्या दिवसांत पहिल्यांदा स्वतःच्या टाइलवर पाहिलं. धुण्याच्या सोड्याच्या ५ टक्के पाण्यात उकळूनही पहिलीची चकाकी उतरली नाही.

आतापर्यंत बेत असा होता की दुसऱ्या ग्लेझचे पिनहोल घालवायचे आणि बरणी आतबाहेर तिनंच रंगवायची. हे लिहिता लिहिता वाटतंय, कशाला? शेजारच्या अक्कांना बरणी हवी आहे ती अंबाडीच्या लोणच्याला. तेल, हळद, मीठ, आंबट पाला. आतून साटिन कुणाला बघायचंय? उलट स्टीलच्या चमच्याचे काळे ओरखडे साटिनवरच उठतात आणि हळद तिथेच धरते. चकचकीत म्हणून बाजूला ठेवलेली पहिलीच आतून हवी, तीही तांब्याशिवाय. जस्ताची, बिनशिशाची ग्लेझ दगडी भांड्यांना लावायची पद्धत इंग्लंडात ब्रिस्टलच्या कुंभारांनी १९व्या शतकात रूढ केली. माझं गणित फिरून त्याच घराण्यात पोचलंय.

बाहेरून दुसरी, तांबं ४ वरून २ वर आणून, आणि काठापासून खाली दोन बोटं मोकळी सोडून, म्हणजे ओठाला किंवा ओघळणाऱ्या तेलाला तांबं लागणार नाही. दोन्हींचा पाया एकच असल्यानं प्रसरणात फार तफावत पडू नये. आतली ग्लेझ फार कमी प्रसरणाची आणि जाड असली तर ती बरणीच फोडते. तरी बरणीआधी याच जाडीचे दोन पेले भाजणार आहे. एक फ्रीझर आणि उकळत्या पाण्याला, दुसरा लॅबला, आणि यावेळी फॉर्मवर तांबं आणि जस्त दोन्ही स्पष्ट लिहून. जस्त विसरू नका, फ्लक्समध्ये तेच एक तृतीयांशाच्या वर आहे.

फेल्डस्पारचं नवं पोतं उघडायचंय. मागच्या पोत्यावरचा ठसा तोच असून आतली पूड वेगळी निघाली होती, सप्लायर म्हणाला ‘माल एकच आहे, मॅडम’. तेव्हा आधी नुसत्या फेल्डस्पारची गोळी दोन्ही पोत्यांची शेजारी शेजारी वितळवून बघते, मगच बादली कालवेन.

पिनहोल हटले नाहीत तर बाहेरची ग्लेझ जरा पातळ वितळावी म्हणून तिच्या युनिटी फॉर्म्युल्यात बोरॉन ०.१५ पर्यंत आणायचा विचार आहे. कुणाकडे भारतात मिळणाऱ्या बोरॅक्स फ्रिटचं (आधीच वितळवून दळलेल्या काचेचं) ऑक्साइड अॅनालिसिस असेल तर द्या. ‘ट्रान्सपरंट फ्रिट’ एवढंच लिहिलेलं पाकीट नको.