तुम्ही विचारलंत म्हणून: सेंट अँथनीचा धबधबा आणि धरणांचे नंबर

अमेरिकेतल्या मिनियापोलिसला आलेले पाहुणे मिसिसिपी नदीवरच्या स्टोन आर्च पुलावर, सेंट अँथनीच्या धबधब्यासमोर उभे राहिले की दोन गोष्टी हमखास विचारतात. हा धबधबा म्हणायचा की बंधारा? आणि नदीवरचं १ नंबरचं धरण याच्या खाली कसं?

नावापासून सुरुवात करू. १६८० मध्ये लुई हेनेपिन हा फ्रान्सिस्कन पाद्री इथे पोचला. पाडुआचे सेंट अँथनी हे त्याचे आराध्य संत, म्हणून त्याने त्यांचं नाव दिलं. डाकोटा लोक त्याच्या कितीतरी आधीपासून या जागेला ओवाम्नियोम्नी म्हणत आलेत, आणि भोवऱ्यांच्या पाण्याला तेच नाव जास्त शोभतं असं मला मनापासून वाटतं.

आता बंधाऱ्यासारखं का दिसतं ते. इथे वर चुनखडीचा पातळ थर आहे आणि त्याखाली वालुकाश्म, तोही इतका भुसभुशीत की हाताने कुस्करता येतो. पाणी खालची वाळू पोखरतं, आधार गेलेली चुनखडी तुटून पडते आणि धबधबा प्रवाहाच्या उलट दिशेला सरकतो. हजारो वर्षं हेच चालू होतं. त्यात गिरण्यांना पाणी मिळावं म्हणून नदीच्या तळाखालून त्याच वालुकाश्मात बोगदा खणायला घेतला. ५ ऑक्टोबर १८६९ रोजी नदी त्यात घुसली. चुनखडीचा थर नदीच्या वरच्या अंगाला थोड्याच अंतरावर संपत होता. तिथवर झीज पोचली असती तर धबधब्याच्या जागी नुसता खळाळ उरला असता आणि गिरण्यांची पाणशक्ती गेली असती. म्हणून लष्कराच्या अभियंत्यांनी चुनखडीच्या खाली, नदीच्या आडवी काँक्रीटची भिंत घातली. ती १८७६ मध्ये पुरी झाली. वरून पाणी घसरत जावं म्हणून लाकडी उतार केला, पुढे १९५० च्या दशकात तोही काँक्रीटचा झाला. उन्हाळ्याच्या शेवटी पाणी कमी असलं की तो उघडा दिसतो. बर्फ वितळल्यावर, एप्रिल-मेमध्ये या, तेव्हा खरा जोर कळतो.

नंबरांचं उत्तर सोपं आहे. १ नंबरचं, म्हणजे फोर्ड धरण, १९१७ चं. तिथून नंबर नदीच्या प्रवाहाबरोबर खाली वाढत जातात. धबधब्याजवळची दोन लॉक (बोटी वरखाली करणारे पाण्याचे हौद) १९५६ आणि १९६३ मध्ये सुरू झाली, तोवर १ नंबर गेलेला होता; म्हणून त्यांना नुसतं खालचं आणि वरचं सेंट अँथनी म्हणतात. पुढेही नंबर सरळ नाहीत: मध्येच ५-ए आहे, आणि २३ चं धरण आराखड्यात होतं पण बांधलंच नाही.

वरच्या लॉकमध्ये बोट जवळजवळ ४९ फूट चढायची, तीही पंपाशिवाय: दरवाजे बंद करायचे, झडपा उघडायच्या, वरचं पाणी आपोआप भरतं. परदेशी कार्प मासे वर चढू नयेत म्हणून जून २०१५ मध्ये ते बोटींसाठी बंद केलं. पुराचं पाणी सोडायला मात्र ते अजून वापरता येतं.